शालूचा काठ

“आई! हे काय लावून ठेवलंस?”

अवंती ओरडली, तरी शालिनी अजून हसतच होती. रावपुऱ्यात जन्मभर लोकांचे ब्लाऊज शिवले, पण असला काठ तिने कुणाला लावला नव्हता. लेकीचं कापड जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे जाणार, मग ते बोडकं कसं पाठवायचं? स्वतःच्या लग्नातल्या शालूची खरी जर उसवून तिने चारी बाजूंनी शिवली होती.

“मी नुसत्या कडा दुमडायला सांगितल्या होत्या ना!”

पांढऱ्या कापडावर दोन काळे पट्टे. अवंतीने लॅबमध्ये बनवलेलं प्लास्टिक ते. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला चिमुकला दिवा. आज या प्रदर्शनात तो लागला आणि जर्मन पाहुण्यांना पटलं, तर ते अवंतीला पुढे शिकायला नेणार होते.

दिवा ढिम्म.

“जरीत धातू असतो गं, आणि ती दोन्ही पट्ट्यांना टेकलीय! करंट मधूनच परत फिरतो. दिव्यापर्यंत जाणार कसा?”

“अवंती, जल्दी कर ने! पेला आवी गया!” ते आले, म्हणून शेजारच्या टेबलावरून तिच्या वर्गातला रणवीर गुजरातीत ओरडला. पाहुणे खरंच त्याच्या टेबलापाशी पोचले होते.

अवंतीचे डोळे भरले.

“रडतेस काय? आण इकडे.” शालिनीने पर्समधली कात्री काढली. टाका टाका उसवत गेली. शेवटची गाठ दातांनी तोडली. सगळी जर मुठीत गोळा झाली.

अवंतीने बॅटरी जोडली.

लागला की!

शालिनीने वाकून कापडाखाली पाहिलं. “तार कुठाय?”

“नाहीये.”

“अगं, वाघोडियाच्या कारखान्यात तुझ्या पप्पांनी जन्मभर तारेवर प्लास्टिक चढवलं. का, तर करंट बाहेर येऊ नये! आणि इथं प्लास्टिकच...” तिने बोट पुढे नेलं, मागे घेतलं, मग दोन्ही हात जोडले. कुणाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

पाहुणे आले. अवंती इंग्रजीत भराभर बोलत सुटली. शालिनीला एक अक्षर कळलं नाही, पण पाहुण्यांच्या माना हलताना दिसल्या. त्यांतल्या एकाने कापडाची कड उचलून त्या चिमुकल्या दिव्यासमोर धरली.

उसवलेल्या जागी सुईची भोकं राहिली होती. त्यांतून उजेडाचे बारीक बारीक ठिपके चमकले.

मुठीत जर टोचत होती. शालिनीने डोळे बारीक करून पाहिलं.

टाक्यांची ओळ कुठेही वाकडी गेली नव्हती.