अडीच किलोंची खुशखबर

राजनंदिनीला स्वतःच्या पत्रकाचा भारी अभिमान होता. पिंपळीच्या ऊसवाल्या घरातली ही मुलगी बारामतीत नर्सिंगचं एम.एस्सी. करत होती, आणि हृदय अशक्त झालेल्या रुग्णांच्या घरच्यांना नेमकं काय शिकवून घरी पाठवावं, हाच तिच्या संशोधनाचा विषय होता. पत्रकात मोठी अक्षरं, सोपी वाक्यं, वर चित्रंसुद्धा. मीठ कमी खा. रोज सकाळी वजन करा. वजन दोन किलोंनी वाढलं तर कळवा. शिवाय प्रत्येक घराला एक वजनकाटा.

शेळगावच्या बिरदेव आबांना घरी सोडताना तिने हे सगळं त्यांच्या बायकोला, भागूबाईंना, वाचून दाखवलं आणि शेवटी विचारलं, "समजलं का, आजी?"

"व्हय."

राजनंदिनीने फॉर्मवर 'समजलं'च्या रकान्यात बरोबरची खूण केली. दवाखान्यात "न्हाय समजलं" म्हणणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं, आणि त्याचं तिला कधी नवलही वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे तिने फोन केला. गोळ्या चालू आहेत? व्हय. मीठ कमी? व्हय. वजन रोज करता? व्हय. दोन मिनिटांत फॉर्म भरला. ती फोन ठेवणार, तेवढ्यात भागूबाई खुशीत म्हणाल्या, "सिस्टर, म्हाताऱ्याच्या अंगाला लागाय लागलंय बगा. अडीच किलो वाढलं."

"किती दिवसांत?"

"घरी आल्यापास्नं. सोमवारी तपासाय येनार हाय न्हवं, तवा पेढं घिऊनच सांगनार हुते तुमास्नी."

राजनंदिनीने भरलेला फॉर्म बाजूला सारला.

भागूबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. आता शेती होती, पण नजर तीच. ज्या कोकराचं वजन वाढतं ते जगतं, हे त्यांनी शेकडो कोकरांवर पारखलं होतं. वजन वाढलं तर कळवा म्हणे. चांगली बातमी माणूस कळवतोच की. हे वजन अंगात साचणाऱ्या पाण्याचं असतं, हे मात्र त्या देखण्या पत्रकात कुठेच नव्हतं. राजनंदिनीला ते इतकं पाठ होतं की सांगायचंच राहून गेलं.

"आजी, आबांच्या नडगीवर अंगठा दाबून बघा. खळगा राहतो का?"

जरा वेळ गेला. "ऱ्हातोय. खोल हाय चांगला."

"रात्री आडवे झोपतात?"

"न्हाय. भिताडाला टेकून बसत्यात. दम लागतो म्हनं."

"मिळेल त्या गाडीने आत्ता निघा. आडवं करू नका, बसवूनच आणा."

पुतण्याच्या पिकअपमधून आबा आले तेव्हा त्यांचे ओठ निळसर पडले होते. राजनंदिनी स्ट्रेचर घेऊन दारातच उभी होती. मधला तासभर तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. पिशवी भरत गेली आणि धाप हळूहळू कमी झाली. चारच्या सुमाराला आबांनी चहा मागितला, आणि अर्धाच कप मिळाला म्हणून कुरकुर सुरू केली. ती कुरकुर ऐकून राजनंदिनीला रडूच फुटलं. माणूस वाचला होता.

संशोधनाच्या गाईड मॅडमना तिने सगळं सांगितलं, रकान्यातल्या खुणांसकट.

"हे प्रबंधात लिही," मॅडम म्हणाल्या. "लपवलंस तर पुढच्या मुलीही हेच करतील."

आबांना पुन्हा घरी सोडताना तिने पत्रक बाजूला ठेवलं. "आजी, समजा उद्या काटा वाढलेला दिसला. तुम्ही काय कराल?"

भागूबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "कोकराचा वाढला तर हसायचं. ह्येंचा वाढला तर ते पानी. नडगी दाबायची, तुमाला फोन लावायचा, आन् गाडी बगायची. सोमवारची वाट न्हाय बगायची."

चार दिवसांनी राजनंदिनीने फोन उचलायच्या आतच भागूबाईंचा आला. "काटा हाय तितंच हाय, सिस्टर. रातीला आडवं झोपून घोरत हुतं म्हातारं, मलाच झोप न्हाय." मग त्यांनी विचारलं, "न वाढल्याचं पेढं आनलं तर चालत्याल न्हवं?"

"चालतील, आजी," राजनंदिनी म्हणाली. "आबांना मात्र अर्धाच."