लाल पट्ट्याची झाडं

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातला. दोन्ही गुडघे गेले, एक कान गेला, तेव्हा कुठे मी शेत, गोठा आणि मागचं लाकडाचं रान विकायला काढलं. मुलगा दूरच्या शहरात विमानांचे सुटे भाग विकतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाबा, तुम्ही ठरवाल ते." म्हणजे नको.

गिऱ्हाईक मिळालं ते दातांचे डॉक्टर. गाईंपासून चार हात लांब उभे राहायचे, पण माणूस भला. वकिलाच्या कचेरीत सगळं ठरलं आणि ऐन सहीच्या वेळी बायकोने पेन खाली ठेवलं. जमीन दोघांच्या नावावर होती.

"विहिरीमागची नऊ अक्रोडाची झाडं पाडायची नाहीत," ती म्हणाली. "एवढं कबूल असेल तर सही करते."

ती झाडं तिच्या माहेरची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर ठेवून तिने रोपं आणली होती. पुढे भावांनी माहेरचं घर विकलं आणि घेणाऱ्याने ते पाडलं. तिला कोणी विचारलं नाही. आमच्या शेतात जे होतं ते माझ्या बापाचं होतं, तिचं म्हणून एवढंच. ती अक्रोड वेचायला निघाली की मी चिडवायचो, "निघालीस का माहेरी?" ती म्हणायची, "हो, संध्याकाळपर्यंत येते."

डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. म्हणाले, "मलाही सावली हवीच आहे. फक्त झाडांना खुणा करून ठेवा. रान विरळ करायला मी माणसं लावणार आहे, त्यांना कळायला हवं."

घर सोडायच्या आदल्या दिवशी मी रंगाचा डबा घेऊन गेलो आणि नऊही खोडांना छातीच्या उंचीवर लाल पट्टा मारला. आमच्याकडे लाल म्हणजे हात लावायचा नाही. बियांसाठी राखायच्या झाडांना बाप तसा पट्टा मारायचा. आमच्या रानात येणारे लाकूडतोडे बापाच्या वेळेपासूनचे, मग त्यांची मुलं, त्यांना कधी सांगावं लागलं नाही. पट्टे अगदी सुबक आले. लांब जाऊन मी ते दोनदा पाहिले.

मग शहरातली तिसऱ्या मजल्यावरची जागा. इथे मी सकाळी पाचला उठतो आणि सातपर्यंत खुर्चीत बसून राहतो, कारण उठून जायचं कुठे. बायको माझ्यापेक्षा लवकर रुळली असं मला वाटत होतं.

पाच महिन्यांनी माझ्या कोटात ट्रॅक्टरची दुसरी किल्ली सापडली. ती द्यायला निघालो तेव्हा बायकोने हातात कापडी पिशवी दिली. "अक्रोड पडले असतील. भरून आणा."

विहिरीमागे नको इतका उजेड होता. जवळ गेलो तर नऊ बुंधे. बाकीचं रान थोडंफार विरळ झालं होतं, इथे मात्र एकही शिल्लक नव्हतं. डॉक्टरांनी बाहेरून आणलेल्या लाकूडतोड्यांचा मुकादम करवतीला तेल घालत होता.

"काका, खुणा तुम्हीच केल्या होत्या ना?" तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, जुन्या मालकांच्या खुणा बघून काम करा. लाल म्हणजे पाडायचं. सगळीकडे तसंच असतं."

"आमच्याकडे नाही," मी म्हणालो.

"तुमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

त्याने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. एरवी मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण बाप गेला, ते जुने लाकूडतोडे गेले, मुलाला लाल काय नि हिरवा काय. डॉक्टर धावत आले, हात जोडून माफी मागू लागले, फळ्या तरी घेऊन जा म्हणाले. मी किल्ली दिली आणि निघालो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बसमध्ये मी खोटं जुळवत होतो. कीड लागली म्हणू, वीज पडली म्हणू. नऊ झाडांवर वीज कशी पडेल, हे माझं मलाच पटेना.

बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. पिशवीकडे बघून म्हणाली, "अजून पडले नाहीत का?"

"झाडं पाडली," मी म्हणालो. "मी लाल पट्टे मारले होते. त्यांच्यात लाल म्हणजे पाडायचं."

"सगळी?"

"सगळी."

तिने हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला तरी ओरडता आलं असतं.

"मी म्हटलं होतं, पांढऱ्या चिंध्या बांधते आणि त्या माणसांशी स्वतः बोलते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तू बस, तुला यातलं काय कळतं."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. बेचाळीस वर्षांत हे वाक्य मी तिला इतक्यांदा ऐकवलंय की त्यातलं हे एक वेगळं कसं आठवावं. तिला मात्र आठवत होतं, आणि तिने पुढची शेंग हातात घेतली.