टाकीच्या तळचं पाणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, धरणाच्या ऐन मधोमध, करंजपाड्याच्या नव्या बोटीचं इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. इंजिनाच्या गळ्यात कालच्या पूजेचा झेंडूचा हार तसाच होता आणि समोरच्या फळीवर खुद्द सरपंच लंकाबाई बसल्या होत्या. बंद पडायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

सविताने दोरी ओढली. पुन्हा ओढली. ओढून ओढून खांदा भरून आला तरी इंजिन ढिम्म. बोट वाऱ्यावर हळूहळू गोल फिरायला लागली, तशा लंकाबाई म्हणाल्या, "सविता, उद्या सकाळी द्राक्षाच्या छाटणीची टोळी जायची हाय. पलीकडं दिंडोरीची गाडी येती, ती कुणासाठी थांबत नाय. तुला झेपत नसंल तर आत्ताच सांग, दुसरा मानूस बघते."

"झेपंल की," सविता म्हणाली आणि तिने पुन्हा दोरी ओढली. बोट तिला पंचायतीने नुसती चालवून बघायला दिली होती. बाईमाणसाला इंजिन जमायचं नाही असं म्हणणारे पाड्यात कमी नव्हते, आणि त्यातले निम्मे आत्ता काठावर उभे राहून मजा बघत होते.

ओढून न्यायला आला तो तिचा बापच, पुंजा. नवी बोट येईपर्यंत या पाण्यावर पुंजाची लाकडी होडी चालायची. बाजाराला जाणारे, लग्नाचे, आजारी, सगळे त्यानेच वल्हं मारून पलीकडे पोचवले होते. आता त्याच्या होडीत कोणी बसत नव्हतं. त्याने बोटीला दोर बांधला. गाठ मारताना गालातल्या गालात हसला. ते हसू सविताने पाहिलं आणि तिच्या अंगाची आग झाली.

काठावर धनराज होता. नाशिकला भाडं नेणारी त्याची जीप पलीकडे उभी असायची, आणि बोट अडकल्यामुळे तो इकडे अडकला होता. इंजिनांचं त्याला कळायचं. त्याने नळी सोडवली, टाकी उचलून दगडावर तिरकी टेकवली आणि म्हणाला, "आता कोणी हात लावायचा नाय. पाणी असंल तर खाली बसंल." मागून कोणी बिडीसाठी काडी ओढायला गेला, त्याच्यावर तो असा खेकसला की पेटी पाण्यात पडली.

थोड्या वेळाने त्याने एक बारीक नळी टाकीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत घातली आणि दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं. बाटली भरत आली तशी तिच्यात दोन थर दिसायला लागले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाणी.

"हे बघा. पेट्रोल वर तरंगतं, पाणी तळाला जातं, आन इंजिन वढतं तळातूनच. नळीत आधीचं पेट्रोल होतं, त्याच्यावर बोट धरणाच्या मधापर्यंत गेली."

"पन टाकीत पाणी आलं कुठनं?" लंकाबाईंनी विचारलं.

टाकीचं झाकण घट्ट होतं. ते काल सविताने स्वतः लावलं होतं. एकेकाची मान पुंजाकडे वळली. रात्री तो काठावर आपल्या होडीतच झोपायचा. बोटीशेजारी.

सविताला राहवलं नाही. सगळ्यांच्या देखत तिने विचारलं, "बा, तू केलंस हे?"

पुंजाने बाटलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हां. मीच वतलं."

काठावर एकच गलका झाला. लंकाबाईंचा पारा चढला. "ह्याची होडी वर काढा," त्या ओरडल्या, "आन आजपास्नं तिच्यात कोणी पाय ठेवायचा नाय!" चार गड्यांनी होडी ओढून करंजाच्या झाडाखाली पालथी घातली. आता पाड्यातून पलीकडे जायला काहीच उरलं नाही, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. धनराज तेवढा म्हणाला, "आन माझी जीप?" सविताला पुढचं काम समजावून तो चरफडत घरी गेला.

काम सोपं होतं, पण धीर लागत होता, आणि सविताकडे आज तोच नव्हता. टाकी तिरकी ठेवायची, थांबायचं, तळचं काढायचं, पुन्हा थांबायचं. ती बसायची, उठायची, टाकीभोवती फेरी मारायची, पुन्हा बसायची. आपली बोट वाचली, दोष बापावर गेला, म्हणजे सुटलोच की आपण, असं ती मनाला सांगत होती. मन ऐकत नव्हतं. या माणसाने आयुष्यात कोणाच्या कोंबडीला खडा मारला नाही, आणि तो लेकीच्या टाकीत पाणी ओतेल?

दुपार कलली तेव्हा तिने आणखी एक बाटली भरली. खाली बसलेल्या पाण्यात काहीतरी हललं. तिने बाटली उन्हात धरली. एक तपकिरी धागा होता, आणि नखाएवढा पांढरा तुकडा. वरचं पेट्रोल डब्यात ओतून तिने तो तुकडा बोटावर घेतला. खोबरं होतं.

काल टाकी तिनेच भरली होती. लंकाबाई घाई करत होत्या, ढोल वाजत होता, आणि नरसाळं टाकीच्या तोंडातच राहिलं होतं. पहिला नारळ इंजिनाला झाला. दुसरा तिने टाकीच्या वर धरून दगडाने फोडला. पाणी भळभळ खाली नरसाळ्यात गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने नरसाळं काढून झाकण लावलं, आणि चांगलं घट्ट लावलं.

पुंजा पालथ्या होडीला टेकून बसला होता. तिने बोटावरचा तुकडा त्याच्यासमोर धरला. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"तुला ठावं होतं?"

"बाटली बघितली तवा नरसाळं आठवलं."

"मंग बोलला का नाय?"

"बोललो असतो तर बोट गेली असती तुझी. माझी तर कवाच गेली. आन तू इचारलंस ना, तवाच तुझं ठरल्यालं होतं, की मीच केलं."

सविताला रडू फुटलं. पुंजा जमिनीकडे बघत म्हणाला, "मी हसलो ते मात्र खरं हाय. इंजान बंद पडलं तवा मला लय बरं वाटलं. ते तू माफ कर."

रात्रभर ती कूस बदलत राहिली. सांगितलं तर बोट जाणार, हे तिला पक्कं दिसत होतं.

सकाळी छाटणीची टोळी गाठोडी घेऊन काठावर आली. पलीकडे दिंडोरीच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. सविताने तळची शेवटची बाटली काढून बघितली. सगळं एकसारखं पिवळसर, खाली थर नाही. नळी जोडली, दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि लोक पटापट चढायला निघाले. तिने हात वाढवून ते बंद केलं.

"आगं, आता काय झालं?" लंकाबाई वैतागल्या.

"टाकीत पाणी बानं नाय वतलं. मी वतलं. दसऱ्याचा दुसरा नारळ, नरसाळ्यातनं." तिने कालची बाटली वर धरली. तळाशी नारळाचा धागा होता. "बा माझ्यासाठी खोटं बोलला. बोट काढून घ्यायची तर घ्या. पन आधी त्याची होडी सरळ करून पाण्यात घाला. तवर मी दोरी वढनार नाय."

पलीकडे पुन्हा हॉर्न वाजला. लंकाबाईंनी बाटली हातात घेतली, निरखली. त्या नारळाला टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. "होडी घाला रे पाण्यात," त्या शेवटी म्हणाल्या. "आन तू चालव. तुझं काय करायचं ते ग्रामसभेत बघू."

कालच्याच गड्यांनी होडी उचलली. पुंजा मात्र तिच्यात बसला नाही. वल्हं खांद्यावर टाकून तो लेकीच्या बोटीत आला आणि पुढच्या फळीवर बसला.

"वल्हं कशाला?" शेजारी बसलेल्या धनराजने विचारलं.

"असू दे."

बोट निघाली. काल जिथे बंद पडली होती ती जागा जवळ आली, तशी सविताची मूठ आवळली. पुंजानेही वल्हं दोन्ही हातांनी धरलं होतं. इंजिन एका सुरात चालत राहिलं. ती जागा मागे पडली. मग पुंजाने मागे वळून लेकीकडे बघितलं आणि वल्हं पायाशी आडवं ठेवलं.