हात आडवा येईपर्यंत

या, असे अगदी जवळ सरकून बसा. साखरखेर्ड्याच्या शालूबाईंची एक दुपार सांगायची आहे, वऱ्हाड नागपूरच्या कारभाराला जोडलेलं होतं तेव्हाची. आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

झारीच्या तोटीतून तुपाची धार सुटली होती — पिवळी, सुतासारखी — आणि शालूबाई धारेकडे नव्हे, पाहुण्याच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. हात पोळीवर आडवा आला की धार थांबवायची, तोवर नाही. सासूने पहिल्याच पंगतीत शिकवलं होतं. आपण होऊन धार तोडणारी बाई म्हणजे... तसली बाई या घरात झालीच नव्हती.

हात येत नव्हता.

पाहुणे वैजनाथबुवा, पुण्याचे कीर्तनकार. काल संध्याकाळी मारुतीच्या देवळात त्यांनी सुदाम्याचं आख्यान लावलं, आणि शालूबाईंना वाटलं, देव कुठे असलाच तर या आवाजाच्या शेवटच्या वळणाला टेकून बसला असेल. मध्येच बुवा म्हणाले, "हाच सुदामा वऱ्हाडी असता, तर मूठभर पोहे कशाला, पोतंच उलटं केलं असतं, वर कृष्णाला म्हणाला असता, खाय ना बे." देऊळ हसलं. शालूबाईंचे मालक उकंडराव सगळ्यांत मोठ्याने. त्याही हसल्या, पण घरी येताना ते हसू पायात कुसळ मोडावं तसं टोचत राहिलं. आम्ही असे आहोत? पोती उलटी करणारे, देवालाही बे म्हणणारे?

आता धार धरताना राग नव्हता, नवल होतं. पुण्याचा माणूस तूप चमच्याने खातो, मोजून बोलतो, असं इथे सगळेच सांगतात — अन् हा तर... पोळी बुडाली, तूप भाताच्या मुदीला लागलं, झारी हलकी झाली. ती भरली होती लेकीसाठी, मंजुळेसाठी, राखलेल्या डब्यातून. पोरगी पुढल्या पंधरवड्यात पहिल्या बाळंतपणाला येणार. तिच्या डिंकाच्या लाडवांसाठी तीन महिने साय राखून कढवलेलं हे तूप. म्हैस आता आटलेली, दुसरा थेंब घरात नाही. पण बुवांच्या पानावर हात आखडला, तर उद्या कुठल्या देवळात काय हशा पिकेल...

देवा, याचा हात आण.

मग — का कोण जाणे — त्यांनी हातावरून नजर काढली आणि बुवांच्या तोंडाकडे पाहिलं. काल कृष्ण झालेला, सुदामा झालेला तो चेहरा चक्क घाबरलेला होता. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. हावरा नव्हे हा. याला नको म्हणताच येत नाहीये.

शालूबाईंनी झारी उभी केली. धार तुटली.

"अवं, हात काऊन आखडला?" शेजारच्या पाटावरून उकंडराव म्हणाले. "बुवाले वाटंल, पुण्याचं वारं आपल्यालेच लागलं."

"छे छे, वहिनींनी वाचवलं मला," बुवांचे कान लाल झाले होते. "आमच्याकडे वाढणारीच थांबते हो. आई चमचा कलता करायची अन् माझ्या तोंडाकडे बघायची. पुरे म्हणायची वेळ तिने कधी येऊच दिली नाही."

"अन् मले वाटलं, बुवा आता झारीलेच तोंड लावतात," उकंडराव म्हणाले.

पंगत हसली, बुवाही हसले, तूप निथळवत पोळी मोडू लागले. शालूबाई आत आल्या. झारीत किती उरलं ते त्यांनी पाहिलं नाही. तीस वर्षं वाढते आहे मी... किती हात पाहिले, अंगठीचे, मातीचे, कापरे — आणि तोंड एकही आठवू नये? मामंजी शेवटच्या वर्षी ताटातलं तूप तसंच ठेवून उठत, तरी हात मात्र उशिरानेच आडवा आणत... माझ्यासाठी? सासूसाठी? मी वर पाहिलंच नाही कधी. कंजूष म्हणतो आपण त्या चमच्याला, आणि तो चमचा धरणारी कुणी एक पोराचं पोट त्याच्या डोळ्यांत वाचत होती...

"तूप आना वं, इकडं बी," बाहेरून हाक आली.

झारीला हात लावून त्या उभ्याच राहिल्या. मंजुळा होती डोळ्यांपुढे, दमलेली, अवघडलेली. आणि बाहेर पंगतीत आठ तोंडं होती, जी आता एकेक करून बघावी लागणार होती.

तुम्ही एवढं करा. पानात कुणी तूप वाढायला वाकेल, तेव्हा पुण्यातल्या त्या माउलीची आठवण ठेवा. तिचं नाव विचारायचं शालूबाईंकडून राहूनच गेलं.