देवाला सांगितलेलं

हल्ली आपल्या घरांत एक नवीच खोड शिरली आहे. मूल हसलं की फोन पुढे, रडलं की फोन पुढे. डोळे पुसायला हात मोकळा असतोच कुठे! असंच हे एक घर. आई चष्म्याच्या दुकानात कामाला, वडील जहाजाच्या इंजिनावर, घरात थकलेले आजोबा आणि सात वर्षांची लेक. पोर एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

या घराची नाताळाआधीची एक रीत होती. आधीच्या चारही रविवारी संध्याकाळी दिवे मालवायचे, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची आणि प्रत्येकाने मनातली एक गोष्ट देवाला मोठ्याने सांगायची. रीत पाडली भिंगरीच्या आजीने. ती आता नव्हती, पण तिचं म्हणणं टिकून होतं : घरच्यांच्या कानावर पडलं की ओझं वाटून घेता येतं.

त्या वर्षी पहिल्या रविवारी आईने व्हिडिओ काढायला फोन बरणीला टेकवून उभा केला. हेतू वाईट नव्हता. नवरा समुद्रावर, त्याला घर दिसावं, एवढंच. तोही खूश झाला. दुसऱ्या रविवारी फोन तिथेच होता. भिंगरीचे पुढचे दात नुकतेच पडलेले. डोळे गच्च मिटून ती बोबड्या बोलात म्हणाली, "देवा, पप्पा गेल्यापासून माझं अंथरूण रोज ओलं होतं. ते यायच्या आत कोरडं कर. त्यांना कळू देऊ नको."

आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आईच्या मात्र मनात आलं, अगं बाई, किती गोड! आणि तिने तो व्हिडिओ सगळ्या जगासाठी टाकून दिला. सकाळी पाहते तो काय, हजारो लोकांनी पाहिलेला! हसणारे चेहरे, लाल बदाम, "काय गुणाची पोर!" आईला आकाश ठेंगणं झालं.

दोन दिवस गेले. शाळा सुटल्यावर भिंगरी रोजच्यासारखी दुकानात आली. काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसून रिकाम्या फ्रेमी नाकावर चढवत होती. आई एका वयस्कर बाईंच्या चष्म्याच्या काड्या वाकवून कानाशी बसवून पाहत होती. बाईंनी नव्या चष्म्यातून इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, तू ती अंथरूणवाली ना! काय गं राणी, ऐकलं का देवाने? आज तरी कोरडं होतं?"

रांगेतला एक माणूस खो-खो हसला. "हीच का ती? आमच्याकडे तर सगळे नक्कल करतात. 'देवा, कोलदं कल!'"

सगळं दुकान हसलं. आईही हसली! मग तिची नजर स्टुलाकडे गेली.

भिंगरी पांढरीफटक पडली होती. नाकावर मोठी फ्रेम तशीच. आणि स्टुलाच्या पायावरून धार फरशीवर उतरत होती.

आई स्टुलाकडे धावली. या बाई कोण, हा माणूस कोण! यांना माझ्या लेकीचं अंथरूण ठाऊक! कुणी सांगितलं यांना? मीच की!

"अहो, मी आपलं प्रेमाने विचारलं," बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. आईने आपला कामाचा कोट पोरीभोवती गुंडाळला आणि तिला उचलून घरी आणलं.

अंघोळ झाली, कपडे बदलले. भिंगरी रडली नाही, ते जास्त वाईट. केस पुसून घेता घेता तिने विचारलं, "आई, मी देवाला सांगितलं होतं. तू सगळ्यांना का सांगितलंस?" आणि जरा थांबून, "पप्पांनापण?"

पोर निजल्यावर आई सासऱ्यांसमोर येऊन बसली. मन अजून पळवाट शोधत होतं.

"बाबा, लोकांनी कौतुकच केलं हो. वावगं कुणी बोललं का?"

आजोबा हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तुमचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा तू न्हाणीघराला आतून कडी लावून बसली होतीस. देवाला काय काय बोललीस, ते मी बाहेरून ऐकलं. शब्द न् शब्द."

ती दचकली. "तुम्ही... ऐकलं होतं?"

"ऐकलं. आजवर कुणाला सांगितलं? तुझ्या सासूलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर लोक हळहळले असते, माझ्याही गळ्यात पडून रडले असते. पण ते माझं नव्हतं, बाई. तुझं होतं. पोर लहान म्हणून तिची अब्रू लहान होते का?"

आईने तोंडावर पदर दाबला आणि हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने व्हिडिओ काढून टाकला. पण हाय! फुटलेलं धरण आणि सुटलेली गोष्ट, मागे कोण वळवणार? ज्यांनी ज्यांनी तो पुढे धाडला, त्या ओळखीच्यांना तिने फोन करून विनवलं. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, "एवढं काय त्यात, पोरंच ती!" पूर्वी हेच वाक्य ती स्वतः म्हणाली असती. नवऱ्यालाही तिने सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी पाहिलं होतं. वाटलं, तिला विचारून टाकलं असशील."

तिसऱ्या रविवारी भिंगरी खोलीतून बाहेर आलीच नाही.

चौथ्या रविवारी तिने दारातून डोकावून पाहिलं. टेबलावर चार मेणबत्त्या होत्या, फोन नव्हता. आईने हात जोडले. "देवा, माझ्या लेकीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी तिला न विचारता वाटून टाकली. चूक माझी. तिने लगेच माफ करावं, असा हट्ट नाही."

भिंगरी सावकाश पुढे आली, आजोबांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन खूप वेळ कुजबुजत राहिली. आजोबांनी मान डोलावली.

आईच्या ओठांवर प्रश्न आला होता. तिने तो गिळला आणि उठून लेकीच्या खांद्यावर शाल टाकली. भिंगरीने ती झटकली नाही.

वाचकहो, मुलं आपल्या पोटची असतात. त्यांची गुपितं आपली नसतात. ज्या घरात लेकराला मन मोकळं करायची भीती वाटते, त्या घरात कितीही दिवे लागोत, अंधारच म्हणायचा! मूल बोलू लागलं की फोन खाली ठेवा आणि कान द्या. त्याला हवे असतात घरातले दोन कान. जगाचे हजार डोळे नव्हेत.