पेटीत पेटीच आहे

मी एक जुनी पायपेटी आहे, मित्रांनो, आणि आज माझ्या झाकणावर चार गोधड्या आणि एक मोडका स्टो ठेवलेला आहे. घरात नवं माणूस आलं की विचारतं, "ह्या पेटीत काय हाये?" कोणीतरी सांगतं, "काई नाई." हे उत्तर ऐकलं की माझा जीव अजून जळतो. याच दोन शब्दांनी माझा घात केला. कसा, ते सांगते.

माझा जन्म अकोल्याचा. खुशालराव नावाचे सुतार बैलगाड्यांच्या कामातून सवड काढून पेट्या बांधत. माझं अंग मेळघाटातल्या सागाचं, भात्याला बकऱ्याचं कातडं. साधी पेटी, म्हणजे हार्मोनियम, तुम्ही पाहिलीच असेल. एका हाताने भाता हलवायचा, दुसऱ्याने सूर वाजवायचे. माझं तसं नाही. माझ्या पायाशी दोन फळ्या आहेत. त्या पायांनी दाबल्या की भात्यात वारा भरतो आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. कार्यक्रम संपला की माझे पाय दुमडून मी ट्रंकेएवढी होते. या दुमडण्याचा खुशालरावांना फार अभिमान होता. पुढे मला तेच भोवलं.

अमरावतीच्या पुंजाजींनी मला नेलं. ते कापसाच्या जिनात कामाला होते. त्यांची बायको पंचफुला गाणी रचायची आणि गायची. तिला अक्षर येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. छप्पन साली त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि तिच्या गाण्यांना गावोगावची बोलावणी येऊ लागली. चाली पुंजाजींच्या आणि सूर माझे.

पुंजाजींची एक खोड होती. त्यांचा डावा पाय जड पडे. फळी तळाला टेकली की 'ठप' असा आवाज होई. लोक हसत. पण पंचफुला त्या ठपवरच पुढचं कडवं उचलायची. पुंजाजी म्हणत, "तबलजी पोसाचं काम नाई. माहा पाय हाये ना."

आम्ही छकड्यातून फिरलो, बडनेऱ्याच्या फलाटावर झोपलो, एसटीच्या टपावर धूळ खाल्ली. एसटीचे कंडक्टर फार संशयी. एवढी मोठी पेटी पाहिली की त्यांना वाटे, आत तुरीची डाळ लपवली असेल. ते विचारत, पेटीत काय आहे. पुंजाजींचं उत्तर ठरलेलं असे, "काई नाई भाऊ, पेटीच हाये." कंडक्टरलाही पेटी म्हणजे बाजा हे ठाऊक असे. तो हसून मला वर चढवी. इतकी वर्षं हे उत्तर चाललं, मित्रांनो, म्हणून ते कुठेही चालेल असं पुंजाजींना वाटलं.

मग एक साल असं आलं की मुंबईच्या एका तबकडी कंपनीच्या साहेबाने पंचफुलेचं गाणं ऐकलं. तिची तबकडी काढायची ठरली. पुंजाजींनी एकच गोष्ट मागितली. गाण्यावर पेटी आपलीच वाजली पाहिजे. साहेब हो म्हणाला. त्या दिवसांत पुंजाजी मला रोज तेलाच्या फडक्याने पुसत आणि म्हणत, "आता तुहा आवाज घरोघरी जाते."

निघायच्या वेळी परतीच्या पावसाने रूळ वाहून गेले. मुंबईची गाडी बंद पडली. कंपनीला ध्वनिमुद्रणाची खोली एकाच दिवसापुरती मिळाली होती. साहेबाने तार करून नागपूरहून विमानाची तिकिटं काढली.

विमानतळावर आधी माणसांनाच काट्यावर उभं केलं. पंचफुला काही केल्या चढेना. ती म्हणाली, "मले काहून मोजून राह्यले? मी का कापसाची गठाण आहो?" पुंजाजी हसले. तिथला बाबू हसला नाही. तो पुण्याकडून नुकताच आलेला होता आणि आमचं बोलणं त्याला भांडण वाटत होतं. मग माझी पाळी आली.

"पेटीत काय आहे?"

"काई नाई साहेब, पेटीच हाये."

"म्हणजे रिकामी?"

पुंजाजींना वाटलं, हाही डाळीचंच विचारतो आहे. "हाओ, रिकामीच. पाहा ना खोलून."

त्याने खोलून पाहिलं नाही. खडूने माझ्या झाकणावर 'रिकामी' असं लिहिलं. पुंजाजींना वाचता येत होतं, पण ते पंचफुलेचा हात धरून पुढे निघाले होते. मी ओरडू शकले नाही. भात्यात वारा भरल्याशिवाय मला आवाज नसतो, हेच माझं दुःख.

मला विमानात चढवलं तेवढ्यात वरूडकडच्या संत्र्यांच्या पेट्या आल्या. कोणा बड्या माणसाच्या घरी त्या जायच्या होत्या. वजन जास्त झालं. हमालाने माझ्यावरचा खडू पाहिला. "ये तो खाली है," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "मंग खालीच ठेव." भरलेल्या पेट्या वर गेल्या आणि मी मैदानात उतरले.

खिडकीतून पुंजाजींना मी दिसले. पंचफुला पुढे सांगायची की ते काचेवर तळहात आपटत होते आणि सारखं विचारत होते, "काहून उतरवली? काहून उतरवली माही पेटी?" दार लागलं होतं. विमान गेलं. मला कोणी छपराखालीही नेलं नाही. रिकाम्या पेटीला पावसाचं काय भय? दुपारी सर आली आणि माझ्या झाकणावरून खडूचं पांढरं पाणी ओघळलं. 'रिकामी' पुसलं गेलं, पण तोवर पाणी माझ्या सुरांत शिरलं होतं.

मुंबईत दुसरा पेटीवाला बसवला. वाजवणारा चांगला होता, त्याला मी दोष देत नाही. पण पंचफुलेला कडवं उचलता येईना. ती दोनदा अडकली. पुंजाजी बाहेरच्या बाकावर बसून होते. शेवटी ती साहेबाला म्हणाली, "ह्यायले आत येऊ द्या. नाईतर माहं गाणं बाहेरच राह्यते."

पुंजाजी आत आले. चपला काढून तिच्याजवळ उभे राहिले आणि जागा आली की डावा पाय जमिनीवर आपटू लागले. यंत्रावरचा माणूस कुरकुरला, म्हणाला, हा आवाज तबकडीत उतरेल. पंचफुला म्हणाली, उतरू द्या. गाणं पुरं झालं.

मी मालगाडीने बडनेऱ्याला आले. तिथल्या कारकुनाने विचारलं, रिकामी पेटी एवढ्या लांबून कोण मागवतं. पुंजाजींनी मला फलाटावर मांडलं. तिथेच माझे पाय उघडले, बसले आणि वाजवू लागले. माझे दोन सूर मुके झाले होते. खुशालराव तोवर वारले होते. दुसऱ्या कोणाला ते सूर बोलते करता आले नाहीत. पुढे पुंजाजी त्या दोन सुरांवरून बोटं उचलून नेत, दारातला खड्डा चुकवावा तशी. ते असेपर्यंत मी वाजले. ते गेले आणि त्यांची मुलगी जयवंता मला अकोल्याला घेऊन आली.

ती तबकडी याच घरात आहे. तिच्यावर पेटीवाल्याच्या जागी दुसऱ्याचं नाव आहे. परवा जावईबापूंनी, म्हणजे जयवंताच्या नवऱ्याने, ती लावली आणि ते म्हणाले, "खराब झाली वं ही. सुई ठपठप उडून राह्यली." जयवंता चूल सोडून आली. "सुई नाई ते," ती म्हणाली, "बाबाचा पाय हाये." जावईबापूंनी सुई अलगद उचलली. त्यांनी तबकडी जपून कागदात गुंडाळली आणि माझ्यावर, गोधड्यांच्या वर, ठेवून दिली.

मित्रांनो, तो बाबू वाईट नव्हता. त्याने प्रश्न विचारला होता, पण पहिल्याच उत्तरावर तो थांबला. जुन्या वस्तूंचं नुकसान असंच होतं. तुम्ही थांबू नका. तुमच्या घरात अशी एखादी पेटी असेल तर तिच्यावरचं ओझं उतरवा, झाकण उघडा, तिला कोरड्या फडक्याने पुसा. खाली वाकून डावी फळी दाबा. ठप वाजेल. मग आत काय आहे, ते पेटीच सांगेल.