सहावं नाव

कप्तानसाहेब, जहाजाचं नाव खोडायचा हुकूम तुम्ही दिलात आणि ब्रश टार्कच्या हातात दिलात. तुमचे हात स्वच्छ राहिले.

टार्क ओन्केनने पाचवं जीवरक्षक कडं मांडीवर घेतलं आणि ‘सिग्रिड, बेर्गेन’ची अक्षरं पुरी केली. लढाईआधी हे जर्मन जहाज केळी वाहायचं. तेव्हाचं खरं नावही त्यानेच रंगवलं होतं, ब्रेमेनच्या गोदीत. आता केळ्यांच्या जागी लाकडी पडद्यांआड सहा तोफा होत्या. परक्या नावाने जवळ जायचं, पडदे पाडायचे, आपला झेंडा चढवायचा आणि मारा करायचा. आतापर्यंत पाच नावं वापरून झाली होती.

पलीकडे एक खलाशी झगा घालून बाबागाडी ढकलायचा सराव करत होता. दुर्बिणीतून बघणाऱ्याला वाटावं, प्रवासी आहेत.

“आधी दाढी कर गं, वहिनी!” कोणीतरी ओरडलं.

हवा खायला वर आणलेला नॉर्वेचा कैदी आयलर्ट कड्यापाशी थांबला. खऱ्या ‘सिग्रिड’वरचा खलाशी. नऊ दिवसांपूर्वी रात्रीच्या अंधारात यांनीच ती बुडवली होती. वाचलेली बत्तीस माणसं खाली कुलपात होती.

“चुकलंय,” तो बोलून गेला आणि त्याने ओठ मिटले.

“काय चुकलंय?”

“बंदर. गेल्या वर्षी मालक बदलला, नोंदणीचं बंदरही. तुमची जहाजांची यादी जुनी आहे.”

“मग खरं सांग.”

“नाही सांगत, जा.”

“अरे शहाण्या, गस्तीच्या युद्धनौकेने ओळखलं तर गोळे सरळ पोटात घुसतील. खाली तुझीच माणसं आहेत.”

“आणि नाही ओळखलं तर? तुम्ही बुडवाल त्या पुढच्या जहाजावरची माणसं कोणाची आहेत?”

टार्कने ब्रश डब्यात बुडवला, पण वर काढला नाही.

लेफ्टनंट यादी घेऊन आला. आयलर्टला म्हणाला, “तुझंच जहाज ना? नाव, बंदर, सगळं बरोबर?”

आयलर्टने समुद्राकडे पाहिलं.

“बरोबर.”

लेफ्टनंटचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तो टार्ककडे वळला. “तू काय म्हणतोस?”

टार्कने ब्रश चिंधीला पुसला. डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं.

“बरोबर आहे, साहेब.”

लेफ्टनंट गेला. टार्क कडी एकेक करून वाळत घालू लागला.

“तुमची अडीचशे माणसं आहेत इथं,” आयलर्ट म्हणाला. “तू स्वतः आहेस. का म्हणालास बरोबर?”

टार्कने पुढचं कडं उचललं.

“ए रंगाऱ्या, तुला विचारतोय. उत्तर दे.”